आरशातला म्हातारा

सोमवार, ४ मार्च

नाही म्हणालो. तोंडावर म्हणालो — ती बस मी नेणार नाही! मालक म्हणतो, "पलटण, दुसरा ड्रायव्हर कुठून आणू? आणि तुला कसला त्रास? तुझेच तर पाहुणे!" गॅरेजमधले सगळे फिदीफिदी हसले. हातातला पाना आपटला आणि निघून आलो.

परदेशातले जुने सैनिक येताहेत. तरुणपणी इथल्या छावणीत होते, आता मरायच्या आधी जागा बघायच्यात म्हणे. माझ्या बसमधून फिरणार. जागा बघणार! जे टाकून गेले ते बघायला कोण येतंय?

पलटण हे नाव शाळेत पडलं. मास्तरांनी बापाचं नाव विचारलं की मागच्या बाकावरून आरोळी यायची — "अख्खी पलटण!" मास्तरही हसायचे. शाळा सुटली, नाव काही सुटलं नाही.

मंगळवार, ५ मार्च

बायको म्हणाली, "जा तुम्ही. नाही गेलात तर लोक जास्त बोलतील." खरं आहे. हिच्या बापाने लग्नाला नाही म्हटलं होतं ते आठवलं. "मुलगा कष्टाळू आहे, पण पोरं कुठल्या रंगाची होतील?" असं माझ्यासमोर म्हणाला होता. माझ्याच घरी, माझाच चहा पिऊन!

आईला काही सांगितलं नाही. तिला बरं नसतं, आणि छावणीचं नाव काढलं की खोकला वाढतो.

केसांना कलप लावला. मिसरूड फुटल्यापासून लावतोय. त्याआधी आई तेलात काजळी कालवून डोकं चोळायची — तांबडे केस दिसू नयेत म्हणून. उशा काळ्या व्हायच्या. डोळ्यांना काय चोळणार? घारे ते घारेच. काळा चष्मा शोधून ठेवलाय.

बुधवार, ६ मार्च

अकरा थेरडे. सगळे गुलाबी, धुतलेले, अत्तराचा घमघमाट. चढताना एकेकाने हात पुढे केला. मी स्टिअरिंग सोडलं नाही.

छावणीच्या जागी आता गोदामं आहेत. जुन्या फाटकाची एक भिंत उरलीय, तिला टेकून रडले. गाईड पोरगी मला म्हणते, "किती हळवे झालेत ना, काका?" म्हटलं, "बाहेरच रडून घ्या म्हणावं. सीट ओल्या होतात."

दिवसभर त्यांची तोंडं बघत होतो. लाज वाटते लिहायला. एकाचं नाक, एकाची हनुवटी, एकाचे कान. संध्याकाळपर्यंत अकराही जण माझे बाप वाटायला लागले. खरंच अख्खी पलटण!

गुरुवार, ७ मार्च

एकजण काठी टेकत चालतो. आज मुद्दाम माझ्या मागच्या सीटवर बसला. आरशात बघावं तेव्हा हा माझ्याकडेच बघतोय! आरसा वर केला, तर मान वर करून बघायला लागला.

मग गाईडमार्फत प्रश्न. तुमचं वय किती? सहा वर्षं कमी करून सांगितली. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान खाली घातली. बरं वाटलं. फार बरं वाटलं!

जेवणानंतर पुन्हा सुरू. छावणीच्या धोबीखान्यात एक मुलगी इस्त्री करायची. डाव्या मनगटावर चटक्याचा डाग, मोठा, पानासारखा. ती कुठे असेल? मी विचारलं, नाव काय तिचं? गाईडने विचारलं, मग जरा घुटमळली. "त्यांना आठवत नाही, काका. ते तिला नावाने हाक मारत नसत. शीळ घालत."

शीळ! कुत्र्याला घालतात तशी.

तो डाग मी रोज बघतो. आई भाजी निवडायला बसते तेव्हा.

शुक्रवार, ८ मार्च

झोप नाही. आईने जन्मभर सांगितलं, तुझा बाप मेला, छावणी उठायच्या आधीच मेला. मग हा काठी टेकत चालतोय तो कोण?

शनिवार, ९ मार्च

नेलं त्याला घरी. गाईडलाही घेतलं. माया नव्हे! आईने त्याच्या तोंडावर थुंकावं आणि मी उभं राहून बघावं, एवढंच हवं होतं.

बायकोने खुर्ची पुसून दिली. आई पलंगावर शाल गुंडाळून बसलेली. म्हातारा दारातच थांबला. ओठ थरथरायला लागले. शीळ घालतो की काय, असं वाटलं — घातली असती तर दात घशात घातले असते.

आईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मला विचारलं, "हे कोण आणलंस?"

मी सांगितलं. धोबीखाना, इस्त्री, डाग.

"चटका बसलेल्या खूप होत्या रे," ती म्हणाली. "चटके सगळ्यांनाच बसले." आणि हसली! "हा होय तुझा बाप? अरे, तुझा बाप मी माझ्या डोळ्यांनी गेलेला बघितलाय. या बिचाऱ्याला चहा द्या आणि पाठवा."

गाईडने त्याला समजावलं. तो खुर्चीत बसला, कप हातात घेतला, प्यायला नाही. आईचे हात शालीतच होते. तो त्या शालीकडे बघत राहिला.

त्याला परत सोडून आलो. माझा सगळा राग कुणीतरी काढून घेतल्यासारखा. तो माझा बाप नाही म्हटल्यावर मी त्याच्यावर चिडू तरी कशाला?

रविवार, १० मार्च

विमानतळावर सोडलं सगळ्यांना. काठीवाला शेवटी उतरला. बुटाची नाडी सुटली होती, त्याला वाकता येईना. मी खाली बसून बांधली. परक्या म्हाताऱ्याची बांधतो आपण, त्यात काय! त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी ठेवू दिला. काळा चष्मा काढून त्याला निरोपाचा हात हलवला.

किती वर्षांनी इतकं हलकं वाटतंय. कुणाचा नाही तर नाही. येताना बसमध्ये एकटाच गाणं म्हणत आलो.

सोमवार, ११ मार्च

सकाळी आईने विचारलं, "गेलं का विमान?"

"गेलं."

"परत तर येणार नाही ना तो?"

"कशाला येईल? त्याचं इथे आहे कोण?"

तिने भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाली, "तोच होता. मी एकटीने वाढवलं तुला. आयता कसा देऊ?"