होडी कुणीकडे जाते

बाई, आज सकाळपासून आभाळ खाली आलंय आणि मोबाइलवर इशाऱ्यांमागून इशारे येताहेत. मी शिकवते तो वर्ग चौथीचा, तुमच्याकडे आमचा होता तसाच. अर्धी मुलं पालकांबरोबर घरी गेली, उरलेली माझ्यापुढे बसून कागदाच्या होड्या करताहेत. घरचं माणूस आल्याशिवाय एकाही मुलाला सोडायचं नाही, असं मोठ्या सरांनी बजावलंय. मी मागच्या बाकावर बसून तुम्हाला लिहितेय, कारण हात रिकामे राहिले की मला वाईटसाईट सुचत जातं. तुम्ही म्हणायचात, "या पोरीला ढगाच्या आधी पूर दिसतो." मन चिंती ते वैरी न चिंती, हेही तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर मी मोठी झाले, शिकले, नोकरीला लागले, पण ती खोड काही गेली नाही.

तुम्ही मला रागावलात तो दिवस मला अजून आठवतो. 'वाऱ्याचे उपयोग लिहा' असा प्रश्न होता आणि मी ऐटीत लिहिलं होतं, पवनचक्की, शिडाचे जहाज. तुम्ही माझी पाटी हातात घेतली आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "पवनचक्की कुठे पाहिलीस गं?" मी नाही म्हणून मान हलवली. "जहाज?" परत तशीच मान. "आणि काल तुमच्या खळ्यावरून येताना माझ्या डोळ्यांत भाताचा कोंडा गेला, तो कोणी उडवला? तुझी आई सूप डोक्यावर धरून कोणाची वाट बघत उभी होती?" पोरं हसली. मला रडू आलं, कारण आई खरंच वाऱ्याची वाट बघत उभी असायची. वारा पडला की ती सूप खाली ठेवायची नाही, तशीच उभी राहून आभाळाशी भांडायची. आमच्या शेलार गावातल्या त्या खळ्याच्या एका बाजूला तोवर गोडाऊन उभं राहिलं होतं आणि त्याच्या भिंतीमुळे वारा अडायचा. आई म्हणायची, "वारं सुदीक इकून टाकलं यांनी." ते सगळं माझ्या घरात होतं आणि मी पुस्तकातली पवनचक्की लिहून आले होते. पाटी पुसून तुम्ही मला परत दिलीत आणि हळूच म्हणालात, "घरातलं लिहायला लाजायचं नाही."

तेव्हापासून आपला वर्ग निम्मा बाहेरच भरायचा. तुम्ही भिवंडीतल्या निजामपुऱ्यातून शेअर रिक्षाने यायचात, आणि एकदा पिशवीतून पॉवरलूमवरच्या कापडाची कापून टाकलेली लांब किनार घेऊन आलात. ती बांबूला बांधली आणि बांबू पायरीशी रोवला. झालं आमचं हवामान खातं. रोज एकाने उठून सांगायचं, पट्टी कुणीकडे उडते. आम्ही सांगायचो, "बाई, खाडीकडचं वारं!" मग तुम्ही फळ्यावर 'पश्चिम' लिहायचात. तुमच्या घराला लागूनच लूमचा कारखाना होता. तिथले कामगार उन्हाळ्यात जमिनीवर बादल्यांनी पाणी का मारतात, हे तुम्ही विचारलं तेव्हा आम्ही एका सुरात ओरडलो होतो, गार वाटावं म्हणून. तुम्ही म्हणालात, "माणसाला नाही रे, धाग्याला. हवा कोरडी झाली की सूत पटापट तुटतं. हवेत ओल असली की टिकतं." ओल चांगली असते हे मला तेव्हा खरंच वाटलं नाही. आदल्या पावसाळ्यातला महापूर आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. आमच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर त्याची रेघ होती आणि बाबांनी दोनदा चुना लावूनही ती वर येत होती.

आणि होड्या. पाऊस लागला की शाळेच्या पायरीखालून पाण्याचा ओहोळ मागच्या नाल्याला जायचा आणि नाला पुढे खाडीला. आम्ही ओळीने होड्या सोडायचो, तुम्ही विचारायचात, "पाणी कुणीकडे जातं?" आम्ही म्हणायचो, "उताराकडे!" "उतार कुणीकडे?" "खाडीकडे!" ही आपली पावसाळ्यातली प्रार्थनाच होती.

त्या दिवशीही आम्ही ती म्हटली. श्रावण लागायच्या आधीची अवस होती. सकाळपासून पाऊस एका लयीत पडत होता, पट्टी भिजून बांबूला चिकटली होती, आणि मधल्या सुट्टीच्या सुमारास मी सोडलेली होडी थोडी पुढे गेली, थांबली आणि परत आली. माझ्या पायाशी. पोरं टाळ्या पिटायला लागली, "बाई, होडी घरी आली!" तुम्ही हसला नाहीत. तुम्ही खाली वाकून दुसरी होडी सोडलीत, मग तिसरी. दोन्ही परत आल्या. मग तुम्ही सगळ्यांना आत घेतलंत, बाकं एकाला एक जोडून वर बसवलंत आणि कोड्यांचा खेळ सुरू केलात. 'दिसत नाही पण दार वाजवतो, कोण?' आम्ही ओरडतोय, "वारा!" आणि तुम्ही पर्समधला मोबाइल काढून बघताय, परत ठेवताय. पुढचं कोडं. परत मोबाइल.

मग माझी आई आली. डोक्यावर इरलं, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. पायरीवरूनच म्हणाली, "बाई, पोरीला सोडा. बांधाबांधानं जातो आमी."

तुम्ही म्हणालात, "ताई, आता नको. पाणी वाढतंय."

"वाढूं द्या. आमी खाडीची मानसं, पान्याला काय भ्यायचं? मागं खाडीचा बांध हाय, त्यावरना डोलं मिटून जाईन मी."

मी दप्तर पाठीला अडकवलंही होतं. आईचा हात दिसला की मला बाकी कशाची भीती उरायची नाही. पण तुम्ही माझा खांदा धरलात, घट्ट, दुखेल इतका. दुसऱ्या हाताने बाकावरची एक होडी उचललीत आणि आईला म्हणालात, "ताई, मला तुमच्यासारखं पाण्यातलं कळत नाही. पण हे एवढं बघा, मग तुम्ही म्हणाल तसं." होडी पाण्यावर ठेवली. ती निघाली ती खाडीकडे नाही, शाळेकडे. पायरीला टेकून उभी राहिली. आई खाली वाकली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "ह्यं तर भरतीचं पानी. आज अवस हाय, उधान हाय ते ठावं हाय मना. पन बांध असताना इकरं कसं आलं?" आणि मग तिने तोंडावर हात घेतला. नव्या गोडाऊनसाठी मातीची भरणी करणाऱ्या डंपरना जायला वाट हवी म्हणून बांध मधे फोडला होता. आठवड्यापूर्वी आईने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. पण पाय जन्मापासून त्या बांधावरून चाललेले, पायांच्या लेखी तो अजून सलग होता. गढूळ पाण्याखाली ती फट तिला दिसली नसती. माझा हात धरून ती सरळ त्या फटीत चालत गेली असती.

आई पायरीवरच बसून राहिली. नंतर येईल त्या प्रत्येक पालकाला तीच अडवत होती, "थांबा. होडी बगा आदी." तुम्ही आत कोडी घालत होतात आणि मोबाइल बघत होतात. मी पुढच्याच बाकावर होते. विचारलं, "बाई, कोणाला फोन करताय?" तुम्ही म्हणालात, "कोणाला नाही गं. वेळ बघते." तुमच्या डोक्यावर भिंतीवर शाळेचं घड्याळ टिकटिकत होतं. मला ते दिसत होतं. पण चौथीतलं मूल बाईंवर अविश्वास दाखवत नाही.

दुपार कलली तेव्हा ओहोटी लागली. आईने बाहेरून हाक मारली, "बाई, फिरली! होडी फिरली!" आम्ही सगळे दाराशी धावलो. होडी हळूहळू, मग भराभर नाल्याकडे निघाली होती. पाणी उतरू लागलं तशी तुम्ही एकेक मूल त्याच्या माणसाच्या हातात दिलंत, डांबरी रस्त्यानेच जा म्हणून प्रत्येकाला बजावलंत. आईने मला जवळ घेतलं आणि तुम्हाला म्हणाली, "चा घेऊन जा घरी येऊन." तुम्ही थांबला नाहीत. छत्रीही न उघडता भिवंडीच्या रस्त्याला लागलात, जवळजवळ धावत. आई म्हणाली, "बाईंना यवरी कसली घाई?"

ते कळायला बरीच वर्षं गेली. तुम्ही आजारपणात गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. तुमच्या घरच्यांना भेटायला आले तर तुमची मुलगी दारात उभी होती, नाकडोळे थेट तुमचे. तिला मी त्या दिवसाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "तो दिवस? मी तीन वर्षांची होते. घरात मी आणि आजारी आत्या, आणि खोलीत पाणी." तुम्ही वर्गातून घरीच फोन लावत होतात आणि तो लागत नव्हता. शेजारच्या लूमवाल्यांनी दोघींना उचलून माळ्यावर कापडाच्या ताग्यांवर बसवलं होतं. "अरे, बच्ची को बिस्कुट दो," म्हणत त्यांनी तिला अख्खा पुडा दिला होता. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यातून पोचलात, ताग्यावर बिस्कीट खाणाऱ्या मुलीला पाहिलंत आणि आधी तिला एक चापट मारलीत. मग तिला छातीशी धरून इतकं रडलात की लूमवाल्यांनी तुमच्याही हातात बिस्कीट ठेवलं. हे सांगताना ती हसत होती. मी हसू शकले नाही. कोड्यांच्या खेळात तुमचा आवाज एकदाही कापला नव्हता, आणि तेव्हापासून मी स्वतःला विचारत आलेय की ते मला जमलं असतं का.

आज बघा, ते पडताळायची वेळच आली. माझ्या या शाळेजवळचा नाला आता सिमेंटच्या झाकणाखाली गेलाय, होडी सोडायला जागा नाही. खाडीचं पाणी कुणीकडे चाललंय हे मला मोबाइल सांगतो, आणि तो इशाऱ्यांनी नुसताच लाल होतो. माझी लेक सासूबाईंजवळ आहे, खाडीच्या अंगाला, तळमजल्यावर. सासूबाई फोन उचलत नाहीत. रेंज आहे, रिंग पूर्ण वाजते आणि थांबते. त्या झोपल्या असतील, फोन चार्जिंगला असेल, मी स्वतःला समजावतेय. जीव टांगणीला लागणं काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, वहीचं पान आहे, वहीतच राहील.

आत्ता पुढच्या बाकावरची मुलगी होडी घेऊन माझ्यापाशी आली. म्हणाली, "टीचर, सारखं सारखं मोबाइलमध्ये काय बघता?"

बाई, मी म्हटलं, "काही नाही गं. वेळ बघते." तिने मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या शेजारी बसली.