मालिकेतला मोठा भाऊ

३ जून, सकाळी ७
आजपासून रागावणं बंद. बीपी वाढतं. मालिकेचे आठही भाग लिहून झाले. बंदरावरच्या कामगारांची वस्ती, तिथं शिरलेला एड्स, आणि सगळे पाठ फिरवतात तेव्हा धाकट्या भावाची सेवा करणारा मोठा भाऊ. हे माझ्याशिवाय कुणाला लिहिता आलं नसतं. माझा धाकटा यातच गेला. (बाहेर आम्ही कावीळ सांगतो. लोकांच्या जिभेला हाड नसतं.)

सकाळी ११
रागावलो. दिग्दर्शिका म्हणते, स्क्रिप्ट रुग्णांच्या संघटनेकडून तपासून घेऊ. म्हणजे आता पेशंट मला लिहायला शिकवणार.

९ जून
संघटनेची बाई आली. बघतो तर माझी भावजय. धाकट्याची बायको. अकरा वर्षांनी दिसली. तिलाही तोच आजार, पण गोळ्या घेते, ठणठणीत आहे. बसा भाऊजी, म्हणाली. माझ्याच ऑफिसात मला बसा. दिग्दर्शिकेनं विचारलं, ओळख आहे का. लांबचं नातं, असं सांगितलं. भावजयीनं सगळ्यांना चहा ओतला. मला हल्ली ॲसिडिटी आहे, घेतला नाही.

१० जून
वाचन. तिसऱ्या भागात मोठा भाऊ धाकट्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला चमच्यानं दूध पाजतो. माझे डोळे भरून आले. भावजयीनं त्या पानावर पेन्सिलीनं काट मारली. वस्ती खरी उतरलीय, म्हणाली, हा माणूस तेवढा खोटा वाटतो. तळपायाची आग मस्तकात गेली. सांगितलं, असा भाऊ प्रत्यक्षात होता. (मनानं मी रोज हॉस्पिटलातच होतो.) तिनं विचारलं, वॉर्ड कितव्या मजल्यावर होता. लेखक मजले मोजत बसत नाही, असं सुनावलं.

१२ जून, सकाळी
राजीनामा लिहिला. ठणकावून सांगणार, भाऊ काढलात तर माझं नावही काढा.

दुपारी
सांगितलं. दिग्दर्शिका म्हणाली, बरं, काढू. राजीनामा खिशातच ठेवला. अडचणीत कुणाला सोडून जाणं माझ्या स्वभावात नाही.

१७ जून
भाऊ कापला. त्याच्या जागी अर्ध्या मिनिटाचा सीन, भावजयीनं लिहिलेला. धाकट्याची बायको हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरून थोरल्या दिराला फोन लावते. तो म्हणतो, जरा कामात आहे, पुढच्या आठवड्यात बघतो. संपलं. याला लेखन म्हणतात. बायकोला तावातावानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, शब्द न् शब्द असंच बोलला होतात तुम्ही, मी तिथंच भाजी निवडत होते.
बायकोशी अबोला.

२४ जून
डबिंग. फोनवरच्या दिराच्या आवाजासाठी तीन नट बोलावले होते. एक फारच दुष्ट, दुसरा रडवेला, तिसरा नुसता घसा खाकरत राहिला. दिग्दर्शिका वैतागून मला म्हणाली, तुम्ही बघता का बोलून. काचेपलीकडे भावजय कानाला हेडफोन लावून बसली होती. माइकसमोर उभा राहिलो आणि बोललो, जरा कामात आहे, पुढच्या आठवड्यात बघतो.
पहिल्या टेकला ओके. इतकं सहज कुणालाच जमलं नव्हतं, असं दिग्दर्शिका म्हणाली. भावजयीनं हेडफोन उतरवला. हो, म्हणाली, असाच होता आवाज.
लाज वाटली. घरी येताना भांडायला कुणीतरी शोधत होतो. सापडलं नाही.