चाकूर स्टँडवर राहिलेला डाव

नांदेड,
मंगळवार, शाळेला निघण्यापूर्वी

ती. ताईस,

रेणुकादासाचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. प्रत्यक्ष घातला तर उठवायला दोन माणसं लागतील, अशी सध्या गुडघ्यांची स्थिती आहे. कारण पुढे येईलच.) तुझी कंबर कशी आहे, भाऊजींची साखर आटोक्यात आहे का, आणि लातूरच्या नळाला यंदा कितव्या दिवशी पाणी येतं, ते कळव. इकडे सर्व क्षेम. मालविका मजेत आहे. नवऱ्याचे हाल पाहून बायकोची प्रकृती इतकी सुधारते, हे आमच्या संसारात चोवीस वर्षांनी सिद्ध झालं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझ्या संतापाचा ओघ तुटतो. पत्र वाचताना हसलीस तरी मला ऐकू येणार नाही.

आमच्या बुद्धिबळ मंडळाचा दरवर्षी तुमच्या लातूरकरांशी सामना होतो आणि त्यात पहिल्या पटावर गेली सतरा वर्षं मी बसतो, हे तुला ठाऊकच आहे. (भाऊजी दर वर्षी पुढच्या रांगेत बसून पेंगतात, तेही ठाऊक आहे.) ही जागा यंदा जायच्या बेतात आहे, आणि तीही खेळात कमी पडलो म्हणून नव्हे, तर एस.टी.च्या वेळापत्रकामुळे. त्याचं मूळ म्हणजे मंडळाच्या नव्या सचिव पंचशीला मॅडम. बाई माझ्याच शाळेत खेळाच्या शिक्षिका आहेत, स्वभावानं चांगल्या आहेत, कामाला वाघ आहेत, आणि बुद्धिबळ खेळणाऱ्या माणसांची पोटं पाहून त्यांना मनापासून वाईट वाटतं. दुःख एवढंच की वाईट वाटलं की त्या उपक्रम काढतात.

जानेवारीत त्यांनी पट टेकडीवर आणि घड्याळ पायथ्याशी ठेवलं. एक चाल करायची, खाली पळत येऊन घड्याळ दाबायचं, पुन्हा वर. मी सहाव्या चालीला राजीनामा दिला आणि झाडाखाली आडवा झालो; गुडघे धरलेत ते तेव्हापासून. फेब्रुवारीत खो-खो. आठ सभासद ओळीनं उकिडवे बसलेले. एकानं चाल करायची, पाठीवर थाप मारून पुढच्याला खो द्यायचा, की तोच डाव पुढच्यानं खेळायचा. उमाशंकररावांनी (तेच, तहसीलमधले निवृत्त) उत्तम मांडलेला डाव माझ्या हाती आला आणि एका चालीत त्यांचा वजीर गेला. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, माझ्याकडे पाहून फक्त श्वास सोडतात. मी कार्यकारिणीत उठून सविस्तर निषेध केला. म्हटलं, चतुरंग ही बसून करायची विद्या आहे, आपले पूर्वज चतुरंग खेळताना धावत नव्हते. बाई अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, "पण सर, चतुरंगात पायदळ होतं ना?" सगळे हसले. संस्कृत मी शिकवायचं आणि वापरायचं त्यांनी, असा सध्या प्रकार आहे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. यंदा पहिल्या पटावर कोण बसणार, याचा निर्णय बाईंनी 'फिरत्या डावा'वर ठेवला. नांदेडला पंधरा चाली खेळायच्या, मग लातूरच्या एस.टी.त बसायचं. लोहा, अहमदपूर आणि चाकूर, प्रत्येक स्टँडवर उतरून बाकड्यावर दहा-दहा चाली करायच्या आणि बस सुटण्याआधी जागेवर येऊन बसायचं. जो खाली राहील तो हरला. आणि डाव बरोबरीत सुटला तर जुना माणूस कायम. आता माझा प्रतिस्पर्धी कोण, ते ऐक. आनंदराज. मंडळातलेच; बत्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते, त्यातली चौदा याच मार्गावर. कोणता ड्रायव्हर कोणत्या स्टँडवर किती वेळ चहा पितो, हे त्यांना श्लोकासारखं पाठ आहे. मी हरकत घेतली. आनंदराज म्हणाले, "सर, मी कधी हरकत घेतली का, तुम्हाला संस्कृत येतं म्हणून?"

लोह्याला पट मांडला आणि तत्क्षणी भोवती वीस माणसं जमली. त्यात साहेबराव नावाचे एक शेतकरी होते. दोन पोती तूर घेऊन लातूरला निघालेले. बुद्धिबळ त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं, पण जनावरांची पारख होती. मी घोडा कडेला नेल्याबरोबर म्हणाले, "मास्तर, त्याला तिथं कोपऱ्यात कशापायी बांधलं? मरून राहिलं की ते." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बसमध्ये ते माझ्या शेजारीच येऊन बसले आणि अहमदपूरपर्यंत, समोर पट नसताना, माझ्या घोड्याच्या प्रकृतीची चौकशी करत राहिले. अहमदपूर येईतो अख्खी बस दोन पक्षांत वाटली गेली होती. म्हणजे माझ्या पक्षात मी आणि एक आजी, ज्या झोपल्या होत्या. आनंदराजांना मात्र मागच्या सीटवरून कुणी शेंगा देत होतं, कुणी खिडकीची जागा देत होतं. कंडक्टरनं तर त्यांना वाकून नमस्कार केला. याला निःपक्षपाती वातावरण म्हणतात काय?

चाकूरला पोचलो तेव्हा माझी स्थिती जिंकण्याची होती. (हे वाक्य ता. क.पर्यंत आल्यावर पुन्हा वाच.) नऊ चाली झाल्या, एक उरली. तिचाच काय तो विचार करायचा होता, आणि विचार करणं हा गुन्हा आहे हे नियमात कुठंही लिहिलेलं नाही. आनंदराजांनी आपली शेवटची चाल केली, उठले, पँटची धूळ झटकली (बाकडं तसंच होतं) आणि म्हणाले, "सर, उठा. गिलास ठिवला त्यानं."

मी म्हटलं, "कुणी?"

"ड्रायव्हरनं. उपडा ठिवला. आता तो थांबत नसतो."

मला वाटलं, ही मन विचलित करण्याची युक्ती आहे. तूच सांग, टपरीवर ग्लास उपडा पडला म्हणून कोणता शहाणा माणूस राजाला संकटात टाकून पळेल? मी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि पुन्हा पटाकडे वळलो. हॉर्न वाजला. मला वाटलं दुसऱ्या गाडीचा. मान वर केली तेव्हा आपली गाडी फाटकातून वळत होती. दारात पंचशीला मॅडम शिट्टी वाजवत होत्या, मागच्या खिडकीतून साहेबराव अर्धे बाहेर येऊन ओरडत होते, "मास्तर, घोडं सोडा, घोडं!" आणि मी मांडी घालून, अनवाणी. कारण सीटवर मांडी घालायची माझी सवय तुला माहीत आहे, उतरायच्या घाईत चपला गाडीतच राहिलेल्या. पाकीट, मोबाइल, पाण्याची बाटलीही गाडीत. मार्चातलं ऊन, डांबर तापलेलं, आणि हातात अर्धवट डावाचा पट. एक गृहस्थ विचारू लागले, हे विकायला आहे का.

पुढे काही प्रशासकीय गोंधळामुळे डाव तहकूब झाला आणि येत्या रविवारी चाकूर स्टँडवरच, त्याच स्थितीतून, पुढे सुरू होणार आहे. माझा निषेध कायम आहे. असल्या खेळाला बुद्धिबळ म्हणणं हा त्या शब्दातल्या पहिल्या अर्ध्याचा अपमान आहे. सतरा वर्षांची जागा चहाच्या ग्लासावर ठरते, यावर तू आणि भाऊजींनी मिळून लातूरच्या मंडळाकडून एक खरमरीत पत्र आमच्या सचिवांना धाडावं, एवढीच विनंती.

तुझा पाठचा, आणि सध्या पायरी-पायरीनं चालणारा,
रेणुकादास

ता. क. १ : 'प्रशासकीय गोंधळ' म्हणजे काय, असं तू विचारशीलच, म्हणून आधीच लिहितो. अर्ध्या तासानं एक जीप आली आणि तिच्यातून आनंदराज उतरले, माझ्या चपला आणि पिशवी घेऊन. पुढच्या फाट्यावर त्यांनी बस थांबवली होती. म्हणजे तेही बसमधून उतरले, म्हणजे नियमाप्रमाणे तेही हरले. मॅडमनी फोनवर नियमपुस्तक दोनदा वाचलं आणि दोघेही हरल्यावर काय करायचं हे त्यात नसल्यामुळे डाव तहकूब केला. मी आनंदराजांना विचारलं, तुम्ही जिंकला होता, उतरला कशाला? म्हणाले, "मागं पॅसिंजर राहिलं की मला बसवत न्हाई." या माणसाला धड जिंकताही येत नाही.

ता. क. २ : ते जिंकण्याच्या स्थितीचं वाक्य. माझ्याकडे राजा, तोच घोडा आणि दोन अडकलेली प्यादी आहेत. त्यांच्याकडे दोन हत्ती. चाल माझी आहे, हा एकच दिलासा. स्थिती मागच्या पानावर आखली आहे. तुझ्या लेकाच्या, सर्वेशच्या, संगणकात म्हणे असल्या गोष्टी क्षणात कळतात. त्याला गुपचूप विचार, बरोबरीची काही वाट आहे का. भाऊजींना सांगू नकोस. खरमरीत पत्राचं राहू दे, हे आधी.

ता. क. ३ : पाकीट चिकटवत होतो तोच आनंदराज दारात. चहा घेतला, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "सर, दोन दिस पाहून राहिलो. घोड्यानं शह द्या. मला तो खावाच लागतो. मग तुमच्या राजाला शह बी न्हाई अन् हलायला घर बी न्हाई. डाव बरोबरीत. म्हणलं, तुम्हाला दिसलं का न्हाई." मी म्हटलं, अर्थातच, केव्हाच दिसलं. "मग बरं झालं," म्हणाले आणि कप स्वतः मोरीत ठेवून निघून गेले. बरोबरी झाली तर जागा माझीच राहते, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. आता रविवारी ती चाल मी कोणत्या तोंडानं करू? इतकी अडवणूक माझी या खेळात कुणी केली नव्हती. तेव्हा सर्वेशला सांग, ती सोडून दुसरी एखादी चाल शोध. हरणारी असली तरी हरकत नाही. आनंदराजांनी दाखवलेली नसली म्हणजे झालं.