व्यंकटीचं आणखी एक वर्ष

१४ फेब्रुवारी १९८३
नांदेडात कबड्डीचा सामना हरलो. चार गुणांनी. व्यंकटीनं एकट्यानं एकोणीस गुण आणले, बाकीचे सहाजण मैदानात हवा खायला आले होते. एसटी सुटताना नांदेडचा एक संघटक खिडकीशी आला — "पंचाक्षरी सर, पोरगा मुखेडचा. मुखेड आमच्या जिल्ह्यात. आम्हाला द्या."
म्हणालो, गाव तुमचं असेल, कॉलेज उदगीरचं आहे. त्याची सगळी मूळ प्रमाणपत्रं माझ्या कपाटात. किल्ली माझ्या करदोट्याला. नेऊन दाखवा म्हणावं.

२ मार्च
प्राचार्यांनी बोलावलं. लातूर जिल्हा होऊन सहा महिने झाले, जूनमध्ये कबड्डीचा पहिला जिल्हा संघ निवडणार. कॅप्टन आपलाच पाहिजे. मी म्हणालो, व्यंकटी यंदा बी.ए. होऊन जातो. "जातो कसा? खेळाडू कधी जातो ते तुमच्या हातात असतं." वर चहा पाजला.

३ मार्च
व्यंकटीला सांगितलं. एक पेपर सोड, बाबा. आणखी एक वर्ष हॉस्टेल फुकट, दूध-अंडी, कॅप्टनपद. माझ्या मास्तरांनी मलाही असंच ठेवून घेतलं होतं, मी काही मेलो नाही.
पायाच्या अंगठ्याकडं बघत उभा. "सर, गावच्या शाळेत क्लार्कची जागा ठिवलेत. बी.ए. झालो की घेतो म्हणलेत. जूनपस्तोर."
जागा काय, पुढच्या वर्षीही निघते.
"हाव सर."
हे पोरगं सगळ्यालाच हाव म्हणतं. त्यामुळं काही कळत नाही.
सिंधूला सांगितलं. भाकरी थापतच म्हणाली, "पास होऊन जाऊ द्या की त्याला. बापाविना पोर." बायकोला खेळातलं काय सांगायचं.

२१ मार्च
मैदान तव्यासारखं तापून टणक झालंय. कबड्डीला माती भिजवावी लागते. टँकर तीन दिवसांआड, तोही हॉस्टेलला पुरत नाही. मैदानाला पाणी मागितलं तर प्राचार्य म्हणाले, प्यायला नाही आणि मातीला कुठून? खरं आहे. तरी सराव चालूच. पोरांचे गुडघे सोलून निघालेत. टिंक्चर संपलं.

१९ एप्रिल
इतिहासाचा दुसरा पेपर. व्यंकटीच्या खोलीवर सुपरव्हिजन माझंच. पोरं पुरवण्या मागत होती, बसायला मिळालं नाही. गठ्ठा बांधून ऑफिसात दिला. ऊन लई. डोकं ठणकतंय.

२० एप्रिल
काही नाही.

११ जून
निकाल. व्यंकटी इतिहासात नापास. सत्तावीस.
दुपारी घरी आला. "सर, तुमचं ऐकलो न्हाई. पेपर सोडलो न्हाई. समदं लिवलो होतो."
लिहिलं म्हणजे येतंच असं नाही, म्हणालो.
"डोस्कंच न्हाई मला," म्हणाला, आणि सराव कधी सुरू ते विचारलं. प्राचार्य खूश आहेत.

१७ जून
त्याची आई धुरपताबाई मुखेडहून आली होती. क्लार्कची जागा सरपंचाच्या भाच्याला गेली म्हणे. माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा आणल्या. "लेकरू ढ निघालं, सर. तुमी हाईत म्हणून ठिवून घेतलाव."
शेंगा घेतल्या. परत कशा करायच्या?

२४ जून
निवड चाचणी. शेवटच्या चढाईत व्यंकटी पडला. उजवा गुडघा. आवाज मला रेषेबाहेर ऐकू आला. डॉक्टर म्हणाले, चालेल नीट, खेळायचं विसरा.

१ जुलै
प्राचार्यांकडं गेलो. पायाचा खर्च राहू द्या, निदान त्याची खोली ठेवा. "खेळत नाही त्याला हॉस्टेल कसलं? आणि नापासाला सवलत बसत नाही, पंचाक्षरी." मी म्हणालो, तो नापास — आणि उठलो. खोली एका नव्या चढाईवाल्याला दिली.

५ जुलै
व्यंकटी काठी टेकत घरी आला. प्रमाणपत्रं मागितली. त्याला ओसरीवर बसवलं, आत येऊ दिलं नाही. कपाट उघडलं, अकरा मोजून आणून दिली.
विचारलं, ऑक्टोबरला पेपर पुन्हा देणार ना?
"न्हाई सर. येतंय म्हणून लिवलो, त्याचे सत्तावीस आले. आता कोन्त्या तोंडानं बसू?"
माझ्या पाया पडायला गेला. गुडघा वाकेना. उभ्यानंच हात जोडले आणि स्टँडकडं गेला. सिंधूनं दिलेली भाकरी ओसरीवर विसरला.

६ जुलै
त्याच्या दोन पुरवण्या अजून कपाटात आहेत, प्रमाणपत्रांच्या खाली होत्या. एकोणीस एप्रिलला गठ्ठा बांधताना मीच दोरा सोडून काढून घेतल्या. आज पहिल्यांदा वाचल्या. सगळं बरोबर लिहिलंय.