शाईचं पॅड

ती. बाबांना सत्यशीलाचा जयभीम.

मी बरी आहे. येरवड्यातली खोली हवेशीर आहे, डबाही चांगला येतो. आईचा गुडघा कसा आहे?

एम.ए.ला आफ्रिकेवरची एक इंग्रजी कादंबरी आहे. लोकांना सुधारायला गेलेला गोरा साहेब तिथे हस्तिदंताच्या राशी जमवतो. गोष्ट सांगणारा त्याच्याच कंपनीचा नोकर. तो नुसता पाहत होता की सामील होता, हे लेखक धड सांगत नाही. सरांनी आमचं मत विचारलं, तेव्हा मी मान खाली घातली.

मी भाषांतराचं काम करते असं तुम्हाला कळवलं होतं. ते अर्धंच खरं. आयटी पार्कसाठी आमची कंपनी हिंजवडीकडे जमिनी घेते. तिचे इंग्रजी कागद मी शेतकऱ्यांना मराठीत सांगते, पण साहेब म्हणतील तेवढेच. काल एक आजोबा म्हणाले, "तू वाचलंस न्हवं पोरी, मग झालं." त्यांनी अंगठा पुढे केला. पॅड मी धरलं.

माझ्या पाटीवर गिरवून तुम्ही चाळिशीत सही शिकलात. नंतर कुठेही अंगठा दिला नाहीत. गावात माझं कौतुक सांगत असाल, तर थांबवा.

तुमची,
सत्यशीला

ता. क. नम्रता, नेहमीसारखं बाबांना तूच वाचून दाखवशील. ताईची लाज राखायला एकही ओळ गाळू नकोस.