खंबीर पालक मंचाने माझ्याशी काय केलं

४ जानेवारी, शनिवार

आज ‘खंबीर पालक मंच’ स्थापन झाला. संस्थापक : मी. अध्यक्ष, सचिव आणि स्वागत समितीही तूर्तास मीच.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. आमच्या लेकीला ऑटिझम आहे हे कळून दीड वर्ष झालं. ती सात वर्षांची आहे. स्वतःभोवती फिरत राहते म्हणून घरात तिला सगळे गिरकी म्हणतात. शब्द मोजके, पण स्वतःचे. नळाला ‘झर’, पंख्याला ‘भोव’. मला अजून काही नाव ठेवलेलं नाही. विचार चालू असावा.

तर थेरपी सेंटरच्या बाई सगळ्या पालकांना म्हणाल्या, एकमेकांना भेटत जा, एकटे पडू नका. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी नुसती मान डोलावणाऱ्यांतला नाही. ऑफिसात ट्रेनिंग डिपार्टमेंटला आहे. माणसं खुर्च्यांवर बसवणं आणि त्यांच्यासमोर उभं राहणं यात माझा हात धरणारा कोणी नाही.

वाचनालयाची वरची खोली मिळाली. दर शनिवारी चार ते सहा.

ही म्हणाली, शनिवारी दुपारी गिरकीला कोण बघणार? मी म्हटलं, अगं, हे सगळं गिरकीसाठीच चाललंय ना! ही भांडी घासायला गेली. पटलं असावं.

११ जानेवारी, शनिवार

पहिली सभा. सात कुटुंबं! भाषण पंधरा मिनिटांचं ठरवलं होतं, पण समोरच्यांची गरज ओळखून तासाच्या वर नेलं. विषय : ‘स्वीकाराकडून सक्षमतेकडे’. प्रोजेक्टर मध्येच बंद पडला तरी मी बंद पडलो नाही.

मग ओळखपरेड, प्रत्येकी दोन मिनिटं. बेकरीवाल्यांचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. ते म्हणाले, “पोरगा केस कापू देत नाही हो. मशीन बघितलं की पळतो. तुम्ही सगळे काय करता?” मी म्हटलं, चांगला मुद्दा, ‘ऐन वेळचे विषय’ यात घेऊ. ऐन वेळी वेळ उरला नाही.

नर्सबाईंना दोन मुलगे. थोरला शाळेतून काढला म्हणून सांगताना त्यांना रडू आलं. दोन मिनिटं होऊन गेली होती. बेल वाजवावी लागली. शिस्त म्हणजे शिस्त.

नातवाला एकट्याने सांभाळणारे एक रिटायर्ड पोस्टमन आजोबा आहेत. शांत श्रोता. असे लोक संस्थेचा कणा असतात.

नंतर खुर्च्या लावायच्या पद्धतीवर ग्रंथपालांशी बराच वेळ चर्चा. घरी आलो तर हिचे डोळे सुजलेले. सर्दी झालीय म्हणाली. गिरकी झोपली होती, त्यामुळे हिला पूर्ण भाषण निवांत ऐकवता आलं. स्वीकारापर्यंत जागी होती.

१३ जानेवारी, सोमवार

संकल्प : रोज वीस मिनिटं फक्त गिरकी आणि मी. आजपासूनच.

फ्लॅशकार्ड आणली. प्राणी, फळं, वाहनं. गिरकीने सगळी कार्डं भिंतीकडे तोंड करून ओळीने उभी केली. मी ती सरळ केली. तिने परत उलटी केली. मी परत सरळ केली. ती उठून गेली. ही म्हणाली, मागच्या बाजूचे रंग फिक्याकडून गडदकडे लावलेत तिने, बघितलं का? मी म्हटलं, पण मागच्या बाजूला शिकण्यासारखं काहीच नाही.

एकूण सहा मिनिटं. उरलेली उद्या भरून काढणार.

१६ जानेवारी, गुरुवार

वीस मिनिटं जमली नाहीत. मंचाचं बातमीपत्र लिहायचं होतं. (अग्रलेख : ‘मुलांना वेळ द्या’.) सोमवारपासून नक्की.

हिने गिरकीला पोहायच्या क्लासला घातलंय. दर गुरुवारी संध्याकाळी. मला उशिरा सांगितलं, पण आपण मोठ्या मनाने घेतलं. पाणी तिला आवडतंच.

२५ जानेवारी, शनिवार

उपस्थिती तीन. कारणं : थंडी, परीक्षा, आणि लोकांची एकंदर उदासीनता. विषय ‘वेळेचं व्यवस्थापन’. बेकरीवाल्यांनी परत केसांचं काढलं. माणूस एकाच गोष्टीला धरून बसतो. मी म्हटलं, ‘स्वावलंबन’ हा विभाग मार्चमध्ये आहे, तोवर थांबा. ते म्हणाले, केस थांबत नाहीत. सगळे हसले. अशाने वातावरण बिघडतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

फक्त आजोबा. तेही झोपले. भाषण संपवून मी त्यांना हलवलं, तेव्हा ओशाळून म्हणाले, “नातू रात्रभर जागा असतो हो. डोळ्याला डोळा नाही. इथं तुमचा आवाज सुरू झाला की कशी छान झोप लागते.”

म्हणजे आवाजात आश्वासकता आहे. ऑफिसातल्या अहवालातही हेच लिहिलं होतं.

तरी मन खट्टू झालं. इतकं केलं या लोकांसाठी. थेरपीवाल्या बाईसुद्धा एकदा फिरकल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, तुमचं छान चाललंय असं ऐकलंय, सगळे किती मोकळे झालेत. कोणाकडून ऐकलं ते सांगेनात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो. नोंद राहिली पाहिजे.

ऑफिस लवकर सुटलं. वाटेत पाव घ्यावा म्हणून बेकरीकडे वळलो. शटर अर्धं खाली, आत दिवे. वाकून बघितलं.

मागच्या खोलीत, पीठ मळायच्या लांब टेबलाभोवती, अख्खा खंबीर पालक मंच बसला होता. नर्सबाई, आजोबा, आणि जे थंडीमुळे येऊ शकत नव्हते ते सगळे. मुलं खाली जमिनीवर. कोणाच्या हातात कणकेचा गोळा, कोणी कोपऱ्यात पाठ करून बसलेलं, कोणी त्याला बोलवत नव्हतं. बेकरीवाल्यांचा मुलगा ट्रे रचत होता. केस अगदी नीट कापलेले.

आणि टेबलाच्या टोकाला ही. आमची ही! चहाचा कप हातात, पाय खुर्चीवर घेऊन, हसतेय. पोहायचा क्लास म्हणे!

गिरकी कोपरापर्यंत पिठात. हसत होती. तिचं ते हसू मी घरात कितीदा ऐकलंय याचा हिशोब करायला गेलो आणि सोडून दिला.

शटर उचलून आत गेलो. आजोबा इथे टक्क जागे.

मी म्हटलं, “हे काय आहे?”

बेकरीवाले म्हणाले, “बसा ना. चहा घ्या.”

“मी विचारतोय हे काय आहे. मंचाचा संस्थापक मी आहे.”

“आहातच की,” नर्सबाई म्हणाल्या. “तुमच्यामुळेच तर ओळखी झाल्या आमच्या. जिन्यात.”

म्हणजे भाषणांत नाही. सभा संपल्यावर, जिना उतरताना!

हिला बाजूला घेतलं. विचारलं, का लपवलंस माझ्यापासून? ही म्हणाली, “तुम्ही बोलायला लागला असता.”

“एवढंच कारण?”

मग तिने हळू आवाजात सांगितलं. ज्या दिवशी माझी पहिली सभा होती त्या दुपारी गिरकीने स्वतःचं मनगट चावून रक्त काढलं होतं. हिला ती आवरेना. मला फोन लावले, तर माझा फोन बंद. शेवटी सेंटरमध्ये ओळख झालेल्या नर्सबाईंना लावला, आणि त्या माझ्या सभेतून थेट आमच्या घरी आल्या. दोघींनी गिरकीला शांत केलं. मी तेव्हा खुर्च्या लावायच्या पद्धतीवर बोलत होतो.

मी म्हटलं, सभेत फोन बंद ठेवायचा हा नियम मीच केला होता, तो मीच कसा मोडणार?

ही जाऊन गिरकीचे हात धुवायला लागली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

विश्वासघात. दुसरा शब्द नाही. घरच्या माणसाने करावा! आणि पोटच्या पोरीनेही. तिला शब्द कमी आहेत हे मान्य, पण ‘बेकरी’ एवढं तरी म्हणता आलं असतं.

माहिती काढली. बेकरीत भाषण नसतं. कोणाचं काय अडलंय ते विचारतात आणि ज्याला जमलं तो सांगतो. केसांचं उत्तर नर्सबाईंनी दिलं : मशीन आधी नुसतं हातात द्यायचं, बंद. मग चालू करून दूर ठेवायचं. मग जवळ. महिना लागला. पाळ्या लावून एकमेकांची मुलं सांभाळतात. आजोबांचा नातू बुधवारी दुपारी आमच्याकडे असतो म्हणे, त्या वेळात आजोबा झोपतात. आमच्याकडे! माझ्या घरात! आणि हिची पाळी येते तेव्हा ही काय करते? तीही झोपते. नर्सबाईंच्या घरी जाऊन, नुसती झोपते. मी तर समजत होतो हिला झोप आवडतच नाही.

हिच्याशी अबोला. हिच्या अजून लक्षात आलेलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ग्रुपवर राजीनामा पाठवला. भावनिक, पण संयत. आर्जवं येतील तेव्हा काय उत्तर द्यायचं याचा मसुदाही करून ठेवला.

संध्याकाळपर्यंत एक अंगठा आला. आजोबांचा. नंतर त्यांचा फोन, चुकून लागला होता म्हणून.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शेवटी त्यांना माझी गरज पडलीच! ही म्हणाली, बेकरीत सगळ्यांनी ठरवलंय, तुम्हीही या. मी विचारलं, प्रमुख वक्ता म्हणून? ही म्हणाली, आधी एक गुरुवार संध्याकाळभर गिरकीला एकट्याने सांभाळा. तिथे येणारा प्रत्येक जण ते करतोच.

प्रवेशपरीक्षा! संस्थापकाला!

अपमान गिळला. होकार दिला. एका संध्याकाळची ती काय गोष्ट. आराखडा तयार : पाच ते साडेपाच मुक्त खेळ, मग भाषाविकास, मग वडील-मुलगी संयुक्त उपक्रम (फळांचा मिल्कशेक), मग गोष्ट. आठला ही येईल तेव्हा घर शांत आणि मी सोफ्यावर वाचत बसलेला.

ही म्हणाली, अडलं तर फ्रिजवर नंबर आहे. आमचा एक सगळ्यांचा मिळून फोन आहे, आठवड्याआठवड्याला एकेकाकडे असतो. मी म्हटलं, नंबर तसाच राहू दे, शोभेला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

५.१० : ही गेली. जाताना तीनदा मागे वळून बघितलं. गिरकी पंख्याखाली. मुक्त खेळ उत्तम.

५.३५ : भाषाविकास. गिरकी पंख्याखाली. आपण लवचिक राहू.

५.५० : थेट मिल्कशेककडे. पण या घरात वस्तू सापडेल तर शपथ. मिक्सर पार वरच्या कप्प्यात, जाड चादरीत गुंडाळून, मागे ढकललेला. कोण ठेवतं असं? स्टूल लावून काढला. हिला व्यवस्थितपणावर एक दोन शब्द सांगायला हवेत.

६.४० : आता लिहू शकतो.

मिक्सर चालू केला आणि गिरकी किंचाळली. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बंद केला, तरी थांबेना. कानांवर हात मारत धावली आणि पलंगाखाली शिरली. मी दिवा लावला. नाव घेऊन हाका मारल्या. गाणं म्हटलं. वाकून समजावलं, की बाळा, ही फक्त एक मोटर आहे, आत पातं फिरतं. मी बोललो की तिचा आवाज वाढायचा. हात धरून ओढायला गेलो तर ती स्वतःचं मनगट तोंडाकडे न्यायला लागली.

हिला फोन करायचा प्रश्नच नव्हता. आठवडाभर ऐकून घ्यावं लागलं असतं. फ्रिजवरचा नंबर लावला. आवाज जरा जाड केला. म्हटलं, एका ओळखीच्यांकडे थोडी अडचण आहे.

“मूल आत्ता कुठे आहे?” पलीकडून एक बाई म्हणाली. इतका शांत आवाज, की माझाच श्वास जरा खाली बसला.

“पलंगाखाली.”

“रक्त वगैरे?”

“नाही. अजून नाही.”

“दिवा लावलाय का? घालवा. आवाज करणारं सगळं बंद. तुम्ही जमिनीवर बसा, हातभर लांब. तिच्याकडे बघू नका.”

मी दिवा घालवला. अंधारात बसल्यावर मग आवाज ओळखू आला.

“मिक्सर काढलात ना?” ही म्हणाली.

फोन या आठवड्यात हिच्याकडे होता. बेकरीत, हिच्या पर्समध्ये.

मी म्हटलं, “मला आधी सांगायचं नाही का?”

ही म्हणाली, “दोन वर्षं मी डाळ शेजारी जाऊन वाटून आणते. कधी विचारलंत, का?”

नव्हतं विचारलं. शेजारणीशी गप्पा मारायला जाते असं वाटायचं.

मग मी विचारलं, किती वेळ बसायचं? ती बाहेर येईपर्यंत, ही म्हणाली. आणि तोवर तिच्याशी काय बोलू?

पलीकडे कोणीतरी ट्रे सरकवल्याचा आवाज.

“काही नाही,” ही म्हणाली. “नुसते बसा. मी आठच्या आत येते.”

७.१५ : बसलोय. खिडकीतून येतो तेवढ्या उजेडात पेन्सिलने लिहितोय. तिचं रडणं बारीक झालंय. मध्येच पलंगाखालून एक हात आला, माझ्या पावलाला लागला, आणि चटका बसल्यासारखा आत गेला.

७.५० : ही आली. दारात चपला काढल्याचा आवाज झाला आणि गिरकी बाहेर निघाली, माझ्या मांडीवर पाय देऊन, मी पायरी असल्यासारखी, आणि सरळ हिच्या पोटात तोंड खुपसलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

हिने काय झालं ते विचारलं नाही. मिक्सर चादरीत गुंडाळून माझ्या हातात दिला. मी स्टूल घेऊन तो वर ठेवला.

“पुढच्या गुरुवारी परत तुम्ही,” ही म्हणाली.

बेकरीत कधी बोलवणार, माझा विषय काय असेल, हे विचारायचं होतं. गिरकी नुकतीच शांत झाली होती.

मी मान डोलावली.