पिवळे पडलेले गॉगल

बाई, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी आता भोरच्या त्याच कॉलेजात, तुमच्याच प्रयोगशाळेत शिकवते, हे तुम्हाला ठाऊक नाही. आज लिहिते आहे ती घाबरून. उद्या पुण्याच्या दवाखान्यात माझ्या एका विद्यार्थिनीच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी सोडणार आहेत, आणि त्या डोळ्यानं तिला दिसेल की नाही हे डॉक्टरही सांगत नाहीत.

प्रयोग तुमचा आवडता, फिनॉलपासून ट्रायब्रोमोफिनॉल. फिनॉलच्या द्रावणात ब्रोमीन थेंबाथेंबानं सोडायचं, चंबू हलवत राहायचं. थेंबाचा तांबडा रंग आत पडताच नाहीसा होतो आणि पांढरा साका धरतो. पिवळी झाक टिकली की थांबायचं. मग गाळून, धुऊन, अल्कोहोलमधून सुयांसारखे स्फटिक, आणि त्यांचा तो औषधी वास, दोन दिवस नाकातून न जाणारा. मी तुमच्याकडे हा प्रयोग केला तेव्हा माझे स्फटिक अठ्ठ्याऐंशी अंशांनाच वितळले होते आणि मी वहीत पुस्तकातला पंच्याण्णव लिहून टाकला होता. तुम्ही वही मिटून परत दिलीत. "पुस्तक मला पाठ आहे. तुझ्या नळीत काय झालं ते सांग." स्फटिक पुन्हा वाळवण्यात माझी वेल्ह्याची एसटी चुकली, तेव्हा तुम्ही मला घरी नेलंत. स्वयंपाकघरात आधी लिंबाची फोड माझ्या हातांवर चोळलीत, मग भात वाढलात. मी मान खाली घालून जेवते आहे, तुम्ही न विचारता तूप वाढता आहात.

ही पट्टीवाली मुलगीसुद्धा वेल्ह्याकडचीच, पहिल्या एसटीनं येणारी. आमचे गॉगल जुने झालेत, प्लॅस्टिक पिवळं पडलंय, त्यातून नळाचं पाणीही पिवळं दिसतं. मंगळवारी ती म्हणाली, "बाई, मला तर सुरवातीपास्नंच पिवळं दिसतंय. संपला का प्रयोग?" पोरी हसल्या. मीही हसले, आणि म्हणाले, "काढ तो जरा. खिडकीकडे धरून बघ." दर वर्षी मी असंच सांगते. तिनं गॉगल कपाळावर चढवला, चंबूला बूच लावून जोरात हलवला आणि उजेडात तोंडासमोर धरला. आत वायू कोंडला होता. बूच उडालं आणि आतलं सगळं तिच्या उजव्या डोळ्यात गेलं.

मी तिचं डोकं नळाखाली धरून ठेवलंय, ती किंचाळते आहे. बऱ्याच वेळानं शांत झाली. "आता न्हाई लई दुखत, बाई." तेव्हा मी नळ आणखी मोठा सोडला. फिनॉल आधी जागा बधिर करतं, भाजलेलं मागाहून कळतं, हे मी तुमच्याकडूनच शिकले.

तिचे वडील दवाखान्यात आले. ते ओरडतील म्हणून मी भिंतीला टेकून उभी होते. "पोरगी धांदरटच हाय, बाई," ते म्हणाले. "तुमी तरी किती जनींच्या मागं पळनार?" मग तिला, "चुलीपुढं बसवली की धूर लागतो म्हनायची. घे आता." ती जरा हसली. "व्हय, माजीच चूक. म्याच काढला गॉगल." बोलताना तिचा उघडा डोळा माझ्याकडे होता. वडील म्हणाले, "जिला सोताचा जीव सांभाळता येत न्हाई तिला कॉलेज कशाला? डोळा ऱ्हावो न्हाईतर जावो, आता घरीच." ती हसायची थांबली.  संध्याकाळी मी प्राचार्यांना लिहून दिलं, अपघाताच्या वेळी विद्यार्थिनीने गॉगल काढलेला होता.

उद्या सकाळच्या गाडीनं मी तिच्या वडिलांबरोबर पुण्याला जाते आहे. दीड तास आम्ही शेजारी बसणार. 'काढ तो' हे मीच म्हणाले, ते पट्टी सुटायच्या आधी त्यांना सांगायला हवं, नंतर सांगितलं तर डोळा वाचला म्हणून सांगितलं असं होईल, किंवा गेला म्हणून. मला त्या दीड तासाची भीती वाटते, बाई. डोळ्याची वाटते त्याहून जास्त, आणि याची लाज वाटते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. पण एक सांगते. तुम्हालाही पहिल्या कागदावर मी "तिनं गॉगल काढला" एवढंच लिहिलं होतं. तो फाडला. हा दुसरा कागद आहे.